मशीन बरोबर होतं

मित्रांनो, लहान दंडाला बसणारे पट्टे, मशीन तपासायचा स्टँड, सरावासाठी रबरी हात, हे सगळं मी माझ्या हातानं बनवलंय. बीपीची मशीनं उघडून उघडूनच दुरुस्ती शिकलो.

आज सकाळी जुन्नरच्या एका नर्सिंग कॉलेजनं बोलावलं. गेल्या आठवड्यात त्यांच्या विद्यार्थिनींनी खोडद गावच्या शाळेत पोरांची तपासणी केली होती. त्यातली नववीतली एक पोरगी काल झटके येऊन पडली. अजून शुद्धीवर नाही.

तिचं बीपी मोजणारी विद्यार्थिनी रडत होती. "काका, तीनदा १६०/११० आलं. पण एवढ्याशा पोरीला बीपी कसं असंल? मला वाटलं, मशीनच चुकतंय. मग १२०/८० लिहिलं."

मी तिथंच ते मशीन माझ्या स्टँडवर लावून तपासलं. एका आकड्याचाही फरक नव्हता.

"या वयातही बीपी असतं, हे शिकवलं नाय तुमाला?"

तिनं शेजारी उभ्या असलेल्या, त्यांना शिकवणाऱ्या सरांकडं बोट केलं.

सरांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, मशीन बिघडलं व्हतं, एवढंच लिहून द्या."

तिकडं दवाखान्यात डॉक्टर पोरीच्या बापाला विचारतायत, आधी कधी बीपी मोजलं होतं का? खरा आकडा मी त्याला नेऊन दिला.

सरांनी त्या एका सहीचे पंचवीस हजार देऊ केले होते. मी नाही म्हणालो.