संत्र्यांच्या ढिगांवरची तालीम

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. त्याचं श्रेय आईला आणि पाठांतराला. म्हणून युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, विकत घेतलं तेव्हा सोबत दोनशे पानी वहीही आणली. मोबाइलवरचे धडे पाहून आईच्या एका गाण्यातल्या कुठल्या शब्दाला कुठला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, आणि हात किती वेळा फिरवायचा, हे लाल-निळ्या शाईत उतरवून घेतलं. परीक्षा असती तर पहिला आलो असतो.

पण मला परीक्षा द्यायची नव्हती. आई दर रविवारी पांढुर्ण्याच्या आमच्या विहारात गाते. एकदा तरी तिच्या गाण्यामागे वाजवावं, एवढीच इच्छा होती. महिला मंडळाच्या प्रमुख मावशींनी येत्या रविवारची परवानगी दिली. अट एकच होती, आई अडखळता कामा नये.

घरी तालीम केली. माझ्या वहीत पहिली ओळ चारदा होती. आईनं ती सहादा म्हटली.

"ओळ काहून वाढवली?"

"मले चांगली वाटली म्हणून."

पुढच्या खेपेला तिनं ती दोनदाच म्हटली.

"आता?"

"आता दम लागला."

दम लागल्यावर कुठला कॉर्ड वाजवायचा, हे वहीत नव्हतं. मी थांबलो, तशी तीही थांबली. मग मायेनं म्हणाली, "राहू दे बाबू. तू टाळ्या वाजव." ते मला फार लागलं.

शनिवारी मला सुट्टी होती. आई मजुरीला जाते त्या मोहगावकडच्या संत्र्यांच्या बगीच्यात मी तिला आणायला गेलो, वाद्य पाठीवर घेऊनच. झाडाखाली बायका आकारानुसार संत्री निवडत बसल्या होत्या. मोठं, मधलं, बारीक असे तीन ढीग.

"घ्या! सायबानं गिटारचं पिल्लू आणलं."

"दूध सुटलं का बापा त्याचं?"

मी कान लाल करून वही उघडली. आईनं ती मिटून टोपल्याखाली सरकवली.

"माह्या हाताकडं पाह्य. मोठं फळ पडलं तं जाड आवाज काढ, बारीक पडलं तं बारीक."

पुढचं फळ कुठलं, हे तिलाही ठाऊक नसे. हातात आलं की वजनावरून कळायचं आणि ते ढिगात जायचं. मी तीन सुरांवर तिच्या मागे धावायला लागलो. शेजारच्या बाईनं मुद्दाम पाच बारीक फळं लागोपाठ टाकली, तेव्हा माझं युकुलेले चिमणीसारखं चिवचिवलं आणि सगळ्या खदखदून हसल्या. एकदा भलताच सूर लागला. सवयीनं मी थांबून पहिल्यापासून सुरू करायला गेलो.

"मांगं काय पाहून राहिला?" आई म्हणाली. "गेलं थे फळ ढिगात. पुढचं घे."

थोड्या वेळानं ती गुणगुणायला लागली. हात आणि गळा दोन्ही चालू. मी फळं पाहणं कधी सोडलं आणि तिला ऐकणं कधी धरलं, सांगता येत नाही. तिनं ओळ लांबवली की मी त्याच सुरांत इकडेतिकडे भटकून यायचो आणि ती पुढे निघाली की मागे लागायचो. मोजलं एकदाही नाही.

रविवारी विहारात मंडळाच्या चटईवर टोकाला बसलो. पहिली ओळ तिनं किती वेळा म्हटली, कोण जाणे. दुसऱ्या कडव्यात मधेच तिचा श्वास तुटला. माझी बोटं चालत राहिली. चार-पाच सुरांचं काहीतरी निघालं. तेवढ्यात तिनं श्वास घेतला आणि ओळ जिथं सोडली होती तिथूनच उचलली. अडखळली नाही.

गाणं संपलं. मी मात्र आनंदात वाजवतच होतो.

"ए बापा," मावशी म्हणाल्या, "गाडी ठेसनात लागली. उतर आता!"

विहार हसला. मी तारांवर हात ठेवला.

"पुढच्या रविवारी ये," मावशी म्हणाल्या, "पण याले थांबाले कोण शिकवन?"

"शिकन हळूहळू," आई म्हणाली, आणि कुठलं ते मला न सांगताच तिनं पुढचं गाणं सुरू केलं.