भार घेणारी भिंत

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज समोरच्या घरात काम निघालंय. एक गवंडी भिंतीला कान लावून थापीच्या दांड्यानं ठोकून बघतोय. तो आवाज ऐकला आणि सिदराम आठवला.

लेकीच्या साखरपुड्याला मला हॉल मोठा हवा होता. सिदरामनं मधली भिंत अशीच ठोकून पाहिली.

"साहेब, हिला हात लावू नका. वरचं घर हिच्यावर उभंय."

"तू गवंडी आहेस की इंजिनिअर? पाड!"

त्यानं पाडली. साखरपुडा थाटात झाला. महिन्याभरात वरच्या काकूंच्या देवघराची फरशी तडकली. सोसायटीच्या बैठकीत मी सर्वांदेखत म्हणालो, "यानंच सांगितलं, पाडली तरी चालेल." सिदराम दाराशी चपला काढून उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन टेकू लावले आणि भिंत पुन्हा बांधून दिली. त्यानंतर आमच्या कॉलनीत त्याला कुणी काम दिलं नाही.

आता लेक परदेशात आहे, बायको राहिली नाही. एकट्याला हा हॉल मोठाच वाटतो. सिदरामच्या गावी जायला दोनदा निघालो आणि एसटी स्टँडवरून परत आलो. मग तो गेल्याचं कळलं.

कधीकधी उठून त्या भिंतीवर बोटं वाजवतो. आवाज भरीव येतो. मग तिलाच सांगतो, सिदराम, तू बरोबर होतास. खोटं मी बोललो. मला माफ कर.