छताला बांधलेलं कापड

चौथीचा वर्ग मी मारुतीच्या देवळात घेते. ताडकळसच्या पुढं असलेल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला खोली आहे, पण तिला कुलूप आहे. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते. तिच्यावरच्या भिंती कुठवर सरळ राहणार? आधी भेगा पडल्या, मग स्लॅबचं प्लास्टर सुटून सळया दिसायला लागल्या. एका सकाळी पहिल्या बाकावर हे एवढं ढेकूळ पडलं. मुलं प्रार्थनेला बाहेर उभी होती म्हणून वाचली. त्याच दिवशी मुख्याध्यापक सरांनी खोली बंद केली.

तेव्हापासून आम्ही नवी खोली मागतोय. परभणीला जायचं, जिल्हा परिषदेत साहेबांची वाट बघत बाकड्यावर बसायचं, ‘निधी आला की पहिलं तुमचंच’ हे ऐकायचं आणि एसटीनं परत यायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. ती म्हण काढणारा माणूस फारच आशावादी असला पाहिजे. इकडं देवळात सप्ताह बसला की माझा वर्ग लिंबाखाली. कुणी दर्शनाला येऊन घंटा वाजवली की मुलं हात जोडतात आणि पाढा तिथंच राहतो. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणातली सक्ती सरकारवर असते, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते आठवलं की आता हसूही येत नाही, नुसता कंटाळा येतो.

मग निरोप आला, की अधिवेशनाच्या आधी आमदार शाळा बघायला येणार आहेत. मला मनापासून बरं वाटलं. शाळांना किती द्यायचं हे ज्या सभागृहात ठरतं, तिथला माणूस आमचा स्लॅब स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होता. आणखी काय पाहिजे?

पण मी गावाला हिशेबात धरलंच नव्हतं. मला पूर्णेला प्रशिक्षण होतं. परत आले तर खोलीचं कुलूप निघालेलं, भेगा सिमेंटनं बुजवलेल्या, भिंतींना पिवळा रंग. छत काही झाकता येईना, म्हणून मंडपवाल्याकडून झालरीचं गुलाबी कापड आणून वर ताणून बांधलेलं. यात पुढाकार शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे.

“मावशी, हे काय केलं?”

“पाव्हणे यायलेत बाई, आन असं उघडंनागडं दाखवायचं? लोक काय म्हनतेल गावाला?”

सर म्हणाले, “राहू द्या मॅडम. झाकली मूठ सव्वा लाखाची.” सर सज्जन आहेत. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत.

आमदार आले आणि त्यांना नेमकं त्या कापडाखाली बसवलं. फेटा, शाल, चहा सगळं झालं. मी उठून म्हणाले, “साहेब, जरा वर...” तेवढ्यात कुणीतरी नारळ पुढं केला, टाळ्या पडल्या आणि माझं वाक्य तिथंच बसलं. खरं सांगायचं तर, आत्ता एक ढेकूळ पडावं असं मला फार वाटलं. कुणाच्या डोक्यात नको, चहाच्या ताटात पडलं असतं तरी चाललं असतं. पडलं नाही. भाषणात साहेब म्हणाले, गावानं मनावर घेतलं की सरकारच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, हे या शाळेनं दाखवून दिलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मंडपवाला कापड न्यायला आला. त्यानं एक कोपरा सोडला आणि कापडात साठलेलं प्लास्टर भसाभस खाली आलं. साहेबांची खुर्ची होती तिथंच. मावशींनी नातीला हाताला धरून बाहेर नेलं.

पुढं निधी आला, तेव्हा मी परभणीला गेले. जिल्हा परिषदेतले साहेब म्हणाले, “तुमची शाळा तर सुस्थितीत आहे. आमदारसाहेबांनी स्वतः बघितलीय.” नवी खोली दुसऱ्या गावाला गेली. त्या गावाचीही पडलेलीच असणार, त्यांच्यावर कसं चिडू?

मावशींना सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढं बसून राहिल्या. “पाव्हणा म्हनून केलं वो समदं.”

“पाहुण्याला सजवून दाखवायचं असतं, मावशी. शाळा तर त्यांच्याच जिम्म्याची. घरच्या कर्त्या माणसाला आपण पाहुणा करून बसवलं.”

त्यांनी डोळे पुसले. धुरानं असेल, असं मी धरून चालले.

यंदा पुन्हा निरोप आला. आमदार येणार. मावशी आपण होऊन म्हणाल्या, “या खेपेला मी कशालाच हात लावत न्हाई. जसं पडलंय तसं बघू द्या.” खोलीत नवा ढीग पडला होताच. त्या दिवशी सकाळी गेले तर ढीग तसाच होता, वर सळया उघड्या होत्या, आणि दारात टपोऱ्या ठिपक्यांची रांगोळी होती. मावशींनी नजर चुकवली. एवढं केल्याशिवाय त्यांना राहवलं नसणारच.

आम्ही सगळे दारात उभे राहिलो. सर, मी, मावशी, पोरं. ऊन चढलं, पोरं भुकेजली. दुपारी सरांना फोन आला. आमदार ताडकळसवरूनच परस्पर परभणीला गेले होते. आमची शाळा चांगली आहे हे त्यांना माहीत असल्यामुळं इकडं यायची गरज वाटली नाही.

सरांनी फोन खिशात ठेवला. मी पोरांना देवळाकडं चला म्हणाले. मावशी मात्र खोलीच्या दारातच थांबल्या होत्या, हातात खराटा घेऊन. मला वाटतं, तो त्यांनी सकाळपासून दाराआड ठेवलेला असावा.

“बाई,” त्या म्हणाल्या, “आता तरी झाडू का?”