दिवेलागणीनंतरचं खमीर

आमच्या चिखलीच्या घरात ओव्हन आला तो सुनेबरोबर. तिच्या माहेरचे लोक कपाट द्यायला तयार होते, तिनं ओव्हन मागितला. मला काही ते पटलं नव्हतं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढं शेती केली, शेतीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, मग भोसरीत एका वर्कशॉपच्या भट्टीवर राबलो. भट्टीत लोखंड घालतात हे मला माहीत. पाव बेकरीतून आणायचा आणि आजारी माणसाला चहात बुडवून द्यायचा, याच्यापुढं माझी पावाशी ओळख नव्हती.

सून इटलीतल्या घरगुती पद्धतीचं भाजते. पहिल्यांदा तिनं फोकाचा केला. जाड, मऊ, बोटांनी खड्डे पाडलेला, वर तेल आणि खडे मीठ. मी म्हणालो, "ही भाकरी म्हणायची का पाव?" ती म्हणाली, "मामा, आधी खा, मग नाव ठेवा." मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी विचारलं, उरलाय का. आता मी तो हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर खातो. सुनेला ते चालत नाही, मला चालतं.

तिचा ब्लॉग आहे. काय भाजलं, कसं फसलं, ते ती मोबाइलवर मराठीतून लिहिते आणि खाली लोक उत्तरं देतात. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचतो. कुणी पिंपळे गुरवचं, कुणी चाकणचं, कुणी थेट अमेरिकेतलं. एकमेकांना न पाहिलेली माणसं एकमेकांच्या पावाची विचारपूस करतात, भावकीतली करत नाहीत इतकी. जवळपास राहणारी मंडळी मधूनअधून एखाद्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात. ताट समोर आलं की आधी फोटो. तोवर कुणी हात लावायचा नाही. पहिल्या वेळी मी लावला होता. फोटोत माझी दोन बोटं आली, ती तशीच ब्लॉगवर गेली.

जेवणाआधी ही मंडळी कडू पेय घेतात. आपेरितीवो म्हणतात त्याला. भूक लागावी म्हणून. माझ्या घरात दारू येणार नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून सून नारिंगाची साल आणि काडेचिराईत साखरेत उकळून अर्क करते आणि सोड्यात घालून देते. पिंपळे गुरवला एका घरी मात्र खरीखुरी इटालियन होती, तांबडीभडक. अर्धा ग्लास मीही घेतला. खोटं कशाला बोलू, आवडली. आमच्याकडचे लोक बाटली संपवायला बसतात, जेवणाची शुद्ध राहत नाही. इथं एक ग्लास, चार ऑलिव्ह, मग सगळ्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडं. माणसानं प्यावं तर असं, असं माझं मत झालं. घरातली बंदी मात्र मी उठवली नाही. बोललो म्हणजे बोललो.

या सगळ्याच्या मुळाशी खमीर असतं. मैदा आणि पाणी आंबवून केलेला गोळा, काचेच्या बरणीत ठेवलेला. त्याला रोज ताजा मैदा द्यावा लागतो, नाहीतर मरतो. सुनेला सकाळी पिंपरीतल्या ऑफिसला जायची घाई, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. आंघोळ झाली की मी देवाला फूल वाहतो आणि बरणीला मैदा घालतो.

गेल्या थंडीत एका शनिवारी चाकणहून एक बाई येणार होती. लातूरकडची. नवरा कंपनीत लागला म्हणून नवीनच आलेली. इथं ना तिचं गोत, ना शेजारपाजार. या ब्लॉगवाल्यांशिवाय ती कुणाला ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी मंडळी पहिल्यांदाच तिच्या घरी जमणार होती आणि नेमकं तिचं खमीर मेलं. सुनेनं तिला शब्द दिला, आमच्यातलं घेऊन जा. रात्री पीठ भिजलं तरच रविवारी पाव होणार होता.

चार वाजता येते म्हणाली होती. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तिची स्कूटर अडकली. ती दारात आली तेव्हा मी नुकताच देवापुढं दिवा लावला होता. घरात मी एकटाच. मुलगा सेकंड शिफ्टला, सून वाटेत.

"काका, ते खमीर न्यायला आले होते."

मी म्हणालो, "या, बसा, पाणी घ्या. खमीर सकाळी न्या."

ती हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

"सकाळी नेऊन काय करू ओ काका? रात्रीच मळायचंय."

"दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर जात न्हाई."

"पण हे विरजण कुठंय? मैदा-पाणी तर आहे."

"जित्तं हाय ना? रोज खायला मागतं ना? मग विरजणच की."

माझी आई संध्याकाळी शेजारणीला विरजण देत नसे. माझ्या बायकोनंही कधी दिलं नाही. घरातलं बरकतीचं असं काही दिवा लागल्यावर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. कुणी म्हणेल, खुळचट आहे. असेल. पण ते मोडायचं तर मला एखादं कारण पाहिजे, आणि ट्रॅफिक हे कारण मला पुरेसं वाटलं नाही.

तेवढ्यात सून आली. काय चाललंय ते ऐकून तिनं पर्स सोफ्यावर टाकली.

"मामा, मी शब्द दिलाय तिला. उद्या पंधरा माणसं यायची आहेत तिच्याकडे. काय वाढेल ती, बेकरीतला पाव?"

"वाढू दे. आमी बेकरीतलाच खाऊन मोठं झालो."

"इटलीत कुणी असलं पाळत नाही."

"तूच म्हणालीस, इटलीत ह्याला आई म्हणत्यात. मग तिन्हीसांजंला आईला घराबाहेर काढत्यात व्हय तिकडं?"

सून गप्प झाली. ती गप्प झाली की भांडण वाढलं असं समजायचं. बरणी ओट्यावरच होती. तिनं हात पुढं केला असता तर मी काही तिचा हात धरला नसता. पण तिनं उचलली नाही, आणि मीही तिथून हललो नाही.

चाकणची बाई खुर्चीच्या काठावर बसून होती. तिच्या पिशवीत रिकामा डबा होता, तो तिनं दोनदा बाहेर काढला आणि आत ठेवला. मग म्हणाली, "माझी सासूबी असलीच आहे ओ. अंधार पडला की मीठबी देत नाही कुणाला." मग ओट्यावरच्या बरणीकडं बोट केलं. "काका, एक विचारू? खमीर बाहेर जायचं नाही, एवढंच ना? मी इथंच घरात बसून मळलं तर?"

"मळलेलं तरी रात्री जायाचं न्हाईच."

"नाही नेत. इथंच राहू द्या. नवरा थर्ड शिफ्टला आहे, सकाळी सुटला की येईल न्यायला. सूर्य उगवल्यावरच येईल, पाहिजे तर तुमी दार उघडूच नका तोवर."

मी विचार केला. माझी आई असती तर काय म्हणाली असती, तेही मनात घोळवून पाहिलं. यात मोडत काही नव्हतं. मी आत गेलो, माळ्यावरची मोठी परात काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"मळा."

सुनेनं माझ्याकडं पाहिलंही नाही, पण मैद्याचा डबा तिनंच उघडला. दोघींनी मळलं. इटालियन पीठ सैल असतं, हाताला चिकटतं, आपल्या कणकेसारखं गोळा होऊन बसत नाही. ते मुरेपर्यंत सुनेनं कडू सोडा केला. पाहुणीला तो झेपला नाही. तोंड वाकडं करून म्हणाली, "आमच्याकडं हे जंताला देतात." सून हसली, माझ्याशी मात्र बोलली नाही. पाहुणीनं पीठ आपल्या डब्यात भरलं आणि डबा आमच्याकडं ठेवून ती घरी गेली.

सकाळी उन्हं अंगणात आल्यावर तिचा नवरा आला. डोळे तांबारलेले, अंगात कंपनीचं जॅकेट. पीठ डब्यात फुगून झाकणाला टेकलं होतं. मी चहा दिला. तो म्हणाला, "काका, रात्री बायको फोनवर अर्धा तास तुमच्याबद्दलच बोलत होती." चांगलं की वाईट ते मी विचारलं नाही. त्यानं डब्याची पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली आणि गेला.

मी चाकणला गेलो नाही. संध्याकाळी सून परत आली तेव्हा तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. फोकाचा मधोमध जरा बसला होता, कडा छान तांबूस. "संपला," ती म्हणाली. एवढंच. पण बोलली.

त्या पिठातला मूठभर गोळा चाकणच्या बाईनं बाजूला ठेवला होता. तो आता तिच्या बरणीत वाढतोय आणि तिच्याकडून पुढं आणखी दोन घरांत गेलाय, असं सून सांगत होती. दिवसाच्या कुठल्या वेळी दिला, ते मी विचारलेलं नाही.