तात्पुरता चौक आणि आईचा दगड

'तात्पुरतं' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

आई आसेगावहून मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन मंगरूळपीरच्या आठवडी बाजाराला यायची. बसस्टँडजवळच्या कडुलिंबाखाली तिची जागा होती. कुणी ती लिहून दिली नव्हती. तिथं तिचा एक काळा, चपटा दगड पडलेला असायचा, बस. आमच्याकडं बाजारात जागा अशीच धरतात. संध्याकाळी बाई पोतं झटकून गावी जाते, दगड मागं राहतो, आणि पुढच्या बाजाराला तिथं दुसरं कुणी दुकान मांडत नाही.

एका बाजाराला आम्ही दोघी येऊन बघतो तर कडुलिंबाखालची जमीन निळी-पिवळी रंगवलेली. प्लास्टिकच्या पिंपांत शोभेची झाडं, दोन बाकं आणि एक पाटी: 'तात्पुरता लवचिक चौक'. बायांचे दगड नगरपालिकेच्या या अकलेच्या कांद्यांना बेवारस वाटले. त्यांनी ते चुन्यानं पांढरे केले आणि पिंपांभोवती गोल लावून टाकले.

"थोडे दिवस नालीकडं बसा, मावशी. तात्पुरतं आहे," नगरपालिकेचा साहेब म्हणाला.

मी भांडले. "आम्ही सकाळी मांडतो, संध्याकाळी उचलतो. याहून तात्पुरतं काय असतं?"

तो हसत हसत मोबाइल काढून चौकाचे फोटो घेऊ लागला. फोटोत येऊ नये म्हणून आम्हालाच बाजूला व्हायला सांगितलं. त्या हसऱ्या तोंडाचा मला अजून संताप येतो.

आई नालीकडं बसू लागली. गिऱ्हाईक नाक दाबून पुढं जायचं आणि मेथी सुकून परत आसेगावला यायची. उन्हाळ्यात पिंपांतली झाडं वाळली, रंग उडाला, एक बाक कुणीतरी पळवलं. चौकाकडं कुत्रंही फिरकेना. तरी पाटी उभी होती, म्हणून आईला तिथं बसू देईनात.

शेवटी एका बाजाराला आईचं टाळकं सटकलं. ती सरळ कडुलिंबाखाली गेली, त्या पांढऱ्या गोलातला आपला चपटा दगड शोधला आणि त्याला खेटून पोतं अंथरलं. चौकाची देखरेख करणारा मुकादम धावत आला.

"उठा मावशी, इथं बसाचं नाई."

"हा दगड माहा हाय. मले उठवाचं असन तं पैले हा उचलून दे."

तो वाकला. दोन्ही हातांनी ओढलं, मग लाथ मारून पाहिली. सगळं तात्पुरतं करणाऱ्यांनी दगड तेवढे सिमेंटात पक्के बसवले होते.

आई सांभाराच्या जुड्या मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "हालून नाई राह्यला ना? मंग मी काहून हालू?"