तीन वर्षांची गाडी

गावपळणीला लवू मेस्त्रीने बरोबर काय नेलं? एक वळकटी, एक पातेलं, तांदूळ, कालवणापुरती सुकी सुंगटं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कंपनीचे दोन कागद. बाकीच्यांनी गुरं नेली, कोंबड्या नेल्या, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून नेलं. तीन दिवस, तीन रात्री गाव मोकळा करायचा, घरं देवाच्या हवाली करायची आणि वेशीबाहेर नदीकाठी माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहायचं, ही आमच्याकडची रीत. दर चार वर्षांनी येते. पूर्वी अर्ध्या वाडीचं सामान लवूच्याच गाडीतून यायचं. यंदा त्याचं सामान सुदेशच्या टेम्पोतून आलं, कारण गाडी भंगारात गेली होती.

लवू एकसष्ट वर्षांचा. तीस वर्षं त्याने कुडाळ स्टेशनवरून चाकरमान्यांना गावात आणलं आणि गावातून स्टेशनवर पोचवलं. आता डिझेल परवडेना आणि या वयात बँक कर्ज देईना. मग कणकवलीत कोणीतरी सांगितलं, विजेची गाडी भाड्याने मिळते. महिन्याचे पैसे भरायचे, विमा आणि दुरुस्ती कंपनीची, चार्जर घराच्या पडवीत बसवून देतात. लवू जाऊन दोन योजनांचे कागद घेऊन आला. शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

पहिली योजना बावीस हजारांची, महिन्याला दोन हजार किलोमीटर. पण तीन वर्षं गाडी परत देता येणार नाही. दिली तर राहिलेल्या महिन्यांचे निम्मे पैसे भरायचे. दुसरी सत्तावीस हजारांची, दीड हजारच किलोमीटर, वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. मात्र महिनाभर आधी सांगितलं की गाडी कधीही परत.

सुदेशची खोप शेजारीच होती. दुपारी तो विडी ओढत आला नि लवूच्या मांडीवरचे कागद बघून म्हणाला, "काय रे लवू, दोन दोन पत्रिका घेवन बसलंस? खंयची सोयरीक जमता?"

लवूने दोन्ही समजावल्या. सुदेशला त्यात समजून घेण्यासारखं काही दिसलं नाही.

"स्वस्त ती घे. पाच हजार कित्याक पाण्यात घालतंस?"

"आणि मधीच परत देवची लागली तर?"

"कित्याक लागतली? तू खंय जातलंस? गावपळण सोडून गावाभायर कधी रवलंस?"

लवू हसला. यापुढचं त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

गेल्या दिवाळीत त्याची मुलगी नम्रता विरारहून आली होती. निघताना, बॅग उचलता उचलता म्हणाली होती, "बाबा, आई गेल्यापासून एकटेच रवतात. आमच्याकडे येवा ना." रिक्षावाला घाई करत होता, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं. पण लवूच्या मनात ते थांबलं नाही. त्यानंतर पावसाळ्याआधी त्याने छपराचे नळे परतले नाहीत. परसात मिरची लावली नाही. गाडी भंगारात दिली तेव्हाही बरंच झालं असं त्याला वाटलं होतं. स्टेशनवर तिकीट काढून बसलेला माणूस जसा चहासुद्धा अर्धाच घेतो, तसा तो वर्षभर घरात राहिला. ते दुसऱ्या योजनेतले जादा पाच हजार म्हणजे नम्रताचा फोन आला तर उठून जाण्याची सोय होती.

शुक्रवारी सकाळी कंपनीतून प्राजक्ता नावाच्या मुलीचा फोन आला. नदीकाठी रेंज जेमतेमच होती. लवू आवाज तुटायच्या आत काजूच्या टेकाडावर चढला. तिने सांगितलं, चार्जरची जागा बघायला आज माणूस घरी येईल.

लवूने कचेरीतली भाषा काढली. "आज नको, मॅडम. आमची गावपळण आहे. गावात कोणी जात नाही."

"म्हणजे बंद आहे का?"

"बंद नाही. गावच रिकामा केलाय. देवाचा कौल झाला की रविवारी परत जायचं."

मग तिने समजुतीने विचारलं, "बरं, काका, तुम्ही बाहेर आहात. पण घरातलं दुसरं कोणी दार उघडेल ना?"

"घरातलं कोणी नाही, मॅडम. गावपळण नसली तरी नाही."

तिने सोमवार लिहून घेतला आणि योजना कुठली ते उद्यापर्यंत सांगा म्हणाली.

लवू टेकाडावरच बसून राहिला. खाली खोपींतून धूर निघत होता. बायका फुगड्यांसाठी जागा झाडत होत्या. पोरं एकाच्या खोपीतून दुसऱ्याच्यात जेवत फिरत होती. त्याने नम्रताला फोन लावला. सरळ विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून दोन्ही कागद वाचून दाखवले. एक तीन वर्षांची, बांधलेली. दुसरी महाग, पण कधीही सोडून निघता येईल अशी. 'कधीही'वर त्याने थोडा जोर दिला.

नम्रताने नीट ऐकलं. हिशेबात ती पहिल्यापासून हुशार. तिकडे कुकरची शिट्टी झाली, सासूने काहीतरी मागितलं, ते देऊन ती परत फोनवर आली.

"बाबा, तीन वर्सांचीच घेवा. वर्साक साठ हजार वाचतत."

"मगे मधीच सोडूची झाली तर?"

"सोडूची कित्याक? उलट बरा. तुमचो वेळ जातलो, चार माणसा भेटतली. तीन वर्सांनी बघूया." मग तिने विचारलं, "जेवलात?"

"जेवलंय," लवू म्हणाला. चूल अजून पेटवायची होती.

फोन ठेवल्यावर त्याला तिचा राग आला नाही. तिने खरंच त्याच्या भल्याचं सांगितलं होतं. ते बॅग उचलता उचलता म्हटलेलं वाक्य तिच्या लक्षातही नव्हतं, इतकंच.

शनिवारपर्यंत तो थांबला नाही. तिथूनच त्याने प्राजक्ताला फोन करून पहिली योजना सांगितली. ती म्हणाली, नियमाप्रमाणे हे रेकॉर्ड करावं लागतं, तेव्हा 'मी तीन वर्षं गाडी सोडणार नाही' असं काकांनी स्वतःच्या तोंडून म्हणावं.

लवूने म्हटलं.

"काका, वाऱ्यामुळे नीट आलं नाही. जरा मोठ्याने. पुन्हा एकदा."

लवू उभा राहिला, हाताचा आडोसा केला आणि स्टेशनवर गाडीसाठी पॅसेंजरांना हाक मारायचा त्या आवाजात म्हणाला, "मी, लवू मेस्त्री, तीन वर्षं गाडी सोडणार नाही. मी इथेच आहे."

खालच्या खोपींतून चार-पाच तोंडं वर वळली. सुदेशने हात हलवला आणि काय झालं म्हणून खुणेने विचारलं.