कागदावरची बहीण

शेवंताबाई कोणताही कागद तिघांकडून वाचून घ्यायच्या. चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या आमच्या सेतू केंद्रात आल्या की आधी मी, मग शेजारचे झेरॉक्सवाले भाऊ, मग पोस्टातल्या बाई. तिघांचं जुळलं तरच अंगठा. "एक जण चुकते, दोघं मिळून फसवते," असं माझ्या तोंडावर म्हणायच्या. मला रागच यायचा.

राईस मिलमध्ये धान वाळवणाऱ्या या बाईंचा मलाही संशय होताच. रेशनकार्डावर त्या कुटुंबप्रमुख, खाली सुमनबाई, नातं बहीण. पण आधारकार्डांवर दोघींच्या वडिलांची नावं वेगळी. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कार्डवाल्यानं विचारलं, हे कोण लागते तुमची? मी गप्प होती. त्यानंच बहीण लिहलं. तुले काऊन पायजे?" आणि कार्ड उचलून चालू लागल्या. कार्ड बोगस असणार, असं मी मनात धरून बसले. आज त्याची लाज वाटते.

२०१८ मध्ये त्या एक पेपर घेऊन आल्या. समलिंगी संबंध आता गुन्हा नाही, असं सुप्रीम कोर्टानं सांगितल्याची बातमी होती. त्या दिवशी झेरॉक्सवाल्या भाऊंकडे गेल्या नाहीत. मलाच तीनदा वाचायला लावली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"हे पोलीस ठाण्यात पोचलं का पण?"

"बाई, साऱ्या देशाला लागू आहे."

"देशाले असन. मी मूलचं विचारून राह्यली."

पाच वर्षांनी त्याच कोर्टानं अशा लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. सुमनबाई चहा ठेवत होत्या. "पाह्यलं?" शेवंताबाई म्हणाल्या, "म्हणून मी बहीण खोडली नाई."

गेल्या वर्षी सुमनबाई चंद्रपूरच्या दवाखान्यात वारल्या. त्यांच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. शेवंताबाईंनी सवयीनं बहीण सांगितलं. वडिलांची नावं जुळेनात, तेव्हा तिथल्या बाबूंनी नकारार्थी मान हलवली. रक्ताचं माणूस आणा, नाहीतर मृतदेह देता येणार नाही. इतकी वर्षं ज्या शब्दानं दोघींना सांभाळलं, तोच आडवा आला. त्यांचा फोन आला आणि मी पहिली एसटी धरली. जवळचे नातेवाईक नसतील तर अशा जोडीदारालाही मृतदेह मागता येतो, असं सरकारी पत्र निघालं होतं. मी ते छापून ठेवलं होतं. ऐन वेळी कोणी ऐकणार नाही, हा संशय मला त्यांच्याकडूनच लागला होता.

शेवंताबाईंनी पत्र हातात घेतलं. आता तिघं शोधणार, असं मला वाटलं. त्यांनी ते तसंच बाबूंच्या टेबलावर ठेवलं. बाबूंनी वाचलं, साहेबांना विचारून आले, पेन उघडलं.

"मग नातं काय लिहू?"

शेवंताबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जोडीदार लिहा. बहीण कागदापुरती होती."

बाबूंनी लिहिलं. अंगठ्याआधी शेवंताबाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. या वेळी त्यांना एकदाच पुरलं.